चरबी काढून घेण्यापूर्वी

व्याख्यान संपले की अध्यक्षांच्या टेबलावर चिठ्ठ्या येतात. वक्ता घड्याळाकडे पाहतो, अध्यक्ष घंटेकडे पाहतात, आणि पुष्कळदा अत्यंत महत्त्वाची चिठ्ठी तळाशी राहून जाते. साताऱ्यास आम्ही आरोग्यावर बोललो, त्या संध्याकाळी असेच झाले. शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हते. मजकूर एवढाच होता : ‘मुलीचे लग्न वैशाखात ठरले आहे. तिचे पोट व मांड्या जरा सुटल्या आहेत. पुण्यास अर्ध्या दिवसात चरबी काढून देतात, सकाळी जाऊन रात्री घरी येता येते, असे कळते. करावे काय?’ आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि सभा उठली.

पुढल्याच आठवड्यात सांगलीस एका व्यापारी गृहस्थांनी हाच प्रश्न तोंडी विचारला. त्यांना स्वतःची ढेरी काढून घ्यावयाची होती. मधुमेह नुकताच सुरू झाला होता. चरबी काढली म्हणजे साखरही उतरेल, असा त्यांचा हिशेब होता.

या दोन प्रश्नांना व्यासपीठावर देता न आलेले उत्तर येथे सविस्तर देत आहोत. शस्त्रक्रियेचे नाव लायपोसक्शन. लहान छिद्रातून कातडीखाली पोकळ सळई घालावयाची आणि चरबी ओढून काढावयाची, हे तिचे स्वरूप. लठ्ठपणावर जठर लहान करण्याची जी शस्त्रक्रिया करतात, ती निराळी. तिच्याशी हिची गल्लत करू नये. ती पोटाच्या आत होते आणि वजन उतरवण्यासाठी होते. ही कातडीखाली होते आणि आकार बदलण्यासाठी होते.

नाक जोडणे आणि मांडी घडवणे

शरीराचा आकार शस्त्राने सुधारण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. सुश्रुताने कापलेले नाक पुन्हा घडवण्याची कृती सांगितली आहे. टिपू सुलतानाच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे नाक १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी उतरवून नवे केले. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातील शस्त्रवैद्यांचे डोळे तिकडे वळले. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात त्या घटनेला मानाचे स्थान आहे.

परंतु कावसजीजवळ गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते. निरोगी माणूस जेव्हा केवळ आकारासाठी शस्त्राखाली जातो, तेव्हा हिशेब बदलतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिए नावाच्या शस्त्रवैद्याने एका तरुणीच्या पायातील चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. पाय सुबक व्हावा एवढीच तिची इच्छा होती. रक्तवाहिनीस इजा झाली, पाय सडला आणि कापावा लागला. त्यानंतर पुष्कळ वर्षे या वाटेला कोणी फारसे गेले नाही.

पुढे १९७० नंतरच्या दशकात इटलीतील फिशर पितापुत्रांनी पोकळ सळईची पद्धत काढली, आणि फ्रान्समध्ये इलूझ यांनी बोथट टोकाची सळई वापरून ती रूढ केली. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली आणखी एक सुधारणा प्रसिद्ध केली : चरबी ओढण्यापूर्वी तिच्यात बधिर करणारे औषध मिसळलेले खारे पाणी भरपूर भरावयाचे. त्यामुळे रक्तस्राव फार कमी झाला आणि रोग्यास पूर्ण भूल न देताही काम होऊ लागले. शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, हे खरेच. मात्र त्यामुळेच ती सोपी आहे असा समजही पसरला.

कातडीखाली काय घडते

बाहेरून पाहणाऱ्यास दोनचार छिद्रे दिसतात. टाका एखादाच. म्हणून जखम लहान असे वाटते. प्रत्यक्षात सळई त्या छिद्रातून शेकडो वेळा आतबाहेर फिरते आणि पोट, कंबर, मांड्या येथील कातडीखाली बोगद्यांचे जाळे तयार करते. तळहाताएवढी जागा भाजली तर आपण दवाखान्यात धावतो; येथे चादरीएवढी जखम कातडीने झाकलेली असते, इतकाच फरक. त्या जाळ्यात बारीक रक्तवाहिन्या तुटतात, फुटलेल्या पेशींतील चरबी मोकळी होते आणि पाणी साचते. पुढे येणारे बहुतेक धोके या एका गोष्टीतून निघतात.

पहिला धोका औषधाचा व पाण्याचा. बधिर करण्यास लिडोकेन नावाचे औषध वापरतात. दंतवैद्य दाढ काढताना सहसा तेच टोचतात. एरवी अॅड्रिनलिन मिसळलेल्या लिडोकेनची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनास सुमारे ७ मिलिग्रॅम मानतात. साठ किलोच्या व्यक्तीस हे सुमारे चारशे वीस मिलिग्रॅम भरते. चरबीत भरण्याच्या पातळ द्रावणातून मात्र क्लाइन यांनी दर किलोस ३५ मिलिग्रॅमपर्यंत प्रमाण सुरक्षित ठरवले, म्हणजे त्याच व्यक्तीस एकवीसशे मिलिग्रॅम. चरबीतून औषध फार सावकाश रक्तात उतरते म्हणून हे चालते. परंतु याचा दुसरा अर्थ असा की रक्तातील औषधाचा भर शस्त्रक्रियेच्या टेबलावर न येता आठदहा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा येतो. सकाळी शस्त्रक्रिया झाली तर तो रात्री, घरच्या अंथरुणावर. ओठ व जीभ बधिर होणे, कानात आवाज, तोंडात धातूची चव, गुंगी, स्नायूंचे झटके ही त्याची लक्षणे. प्रमाण फार चढले तर आकडी येते व हृदयाची गती बिघडते. झोपेची गोळी देऊन निजवलेल्या माणसाची ही लक्षणे घरच्यांना कळतही नाहीत.

पाण्याचे तसेच. चरबीत भरलेल्या पाण्यापैकी काही सळईबरोबर बाहेर येते आणि पुष्कळसे मागे राहून रक्तात शोषले जाते. वरून शिरेतूनही सलाईन दिले आणि हिशेब चुकला, तर फुप्फुसात पाणी साचते. उलट, फार चरबी काढली आणि भरपाई कमी पडली तर रक्तदाब कोसळतो. म्हणूनच एकूण पाच लिटरपेक्षा अधिक ओढावयाचे असल्यास ते ‘मोठे’ काम समजावे आणि रोग्यास निदान रात्रभर योग्य सोय असलेल्या रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे, असे जाणते शस्त्रवैद्य सांगतात.

दुसरा धोका गुठळीचा. शस्त्रक्रियेनंतर माणूस निजून राहतो, पाय हलत नाहीत. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. हे पहिल्या दिवशीच होईल असे नाही, दोनतीन आठवड्यांनीही होऊ शकते. एका पायाची पोटरी सुजणे व दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे, ही याची खूण. येथे लग्नघराला एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. पाळी पुढे ढकलण्याच्या किंवा संततिनियमनाच्या काही गोळ्यांनी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. आपल्याकडे लग्नापूर्वी अशा गोळ्या मुली सर्रास घेतात आणि त्या ‘औषध’ म्हणून कोणी मोजतही नाही. शस्त्रवैद्याने विचारले नाही तरी हे त्यास सांगितलेच पाहिजे.

तिसरा धोका चरबीच्याच कणांचा. मोकळी झालेली चरबी तुटलेल्या शिरांतून आत शिरते आणि फुप्फुसांत, कधी मेंदूत, जाऊन बसते. बहुधा पहिल्या एकदोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत धाप, भ्रम, आणि छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके दिसू लागतात. ओढलेली चरबी दुसऱ्या जागी भरून आकार देण्याची टूम अलीकडे आली आहे. नितंबात भरलेली चरबी खोल शिरेत गेली तर मृत्यू काही मिनिटांतही येतो.

चौथा धोका सळई भरकटण्याचा. पोटाची चरबी काढताना सळई स्नायूंच्या पडद्यातून आत गेली तर आतडे किंवा यकृत भोसकले जाते. पूर्वीची शस्त्रक्रिया, हर्निया किंवा बाळंतपणानंतर सैल झालेले पोट असेल तर हा संभव वाढतो. नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी स्टेला ओबासांजो ऑक्टोबर २००५ मध्ये स्पेनमध्ये या शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी वारल्या. त्या ५९ वर्षांच्या होत्या. सळई उदरात शिरून आतडे व यकृत यांस इजा झाली होती, असे न्यायालयात सिद्ध झाले आणि २००९ साली शस्त्रवैद्यास शिक्षा झाली. हाताशी पैसा व मोठे दवाखाने असणाऱ्यांच्याही वाट्याला हे येते, एवढ्यासाठी हे उदाहरण दिले.

पाचवा धोका जंतूंचा. साधा पू झाला तर औषधाने आवरतो. पण कधी जंतू कातडीखालच्या पडद्यात वणव्यासारखे पसरतात, काही तासांत मांस सडते आणि जीव वाचवण्यासाठी ते कापून काढावे लागते. जर्मनीत १९९८ ते २००२ या काळातील ७२ गंभीर प्रकरणांचा तपास झाला. त्यांत २३ माणसे दगावली होती, आणि अपुरी स्वच्छता व उशिरा कळलेली लक्षणे या गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. दुसरे जंतू क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाऊबंद. ते पाण्यात राहतात, नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारांवरून आत जातात आणि काही आठवड्यांनी गाठी व वाहणाऱ्या जखमा उठवतात. त्यांचा उपचार महिनोन्महिने चालतो.

जे धोके जिवावर बेतत नाहीत

जीव जात नाही म्हणून त्रास लहान ठरत नाही. सूज, काळेनिळे वळ आणि ठणका हे सर्वांनाच होतात. कातडीखाली पाणी साठून ते सुईने काढावे लागते. कातडी बधिर होते आणि संवेदना परत येण्यास आठवडे, कधी महिने लागतात. घट्ट पट्ट्याचा पोशाख काही आठवडे अंगावर ठेवावा लागतो. आपल्या चैत्र-वैशाखात तो कसा वाटेल हे ज्याचे त्याने ताडावे. उष्णता निर्माण करणारी यंत्रे वापरली तर कातडी भाजण्याचा संभव असतो.

याहून अधिक हिरमोड करणारी गोष्ट म्हणजे आकार. चरबी कमीअधिक ओढली गेली तर खळगे व लाटा उमटतात, दोन बाजू सारख्या राहत नाहीत. चरबी गेली तरी कातडी जागच्या जागी असते. ती लवचीक नसेल तर पिशवीसारखी लोंबते. सावळ्या कातडीवर छिद्रांच्या जागी काळे डाग राहू शकतात. आणि खरा आकार सूज पूर्ण उतरल्यावर, म्हणजे तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. महिन्याभरावर लग्न असलेल्या मुलीला शालूच्या आत सूज व पट्टा घेऊनच बोहल्यावर उभे राहावे लागेल. चिठ्ठी लिहिणाऱ्या आईने हा एकच मुद्दा ध्यानात घेतला तरी निम्मे उत्तर मिळते.

आकडे काय सांगतात

धोका सांगताना भीती विकू नये. तेव्हा आकडे पाहू. अमेरिकेत २००० साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. १९९४ ते १९९८ या काळातील ४,९६,२४५ शस्त्रक्रियांत ९५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे सुमारे पाच हजारांत एक. त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे २३ टक्के, फुप्फुसात अडकलेल्या गुठळीचा होता. त्याखालोखाल, सुमारे १५ टक्के, सळईने पोटात झालेल्या भोकांचा. पुढल्याच वर्षी दुसरी पाहणी आली. तिच्यात केवळ चरबी ओढण्याची शस्त्रक्रिया केली असता मृत्यूचे प्रमाण सुमारे ४७ हजारांत एक इतके खाली होते. पण तिच्याच जोडीला पोटाची सैल कातडी कापण्याची मोठी शस्त्रक्रिया केली, की ते सुमारे तीन हजार तीनशेत एकावर चढले.

दोन्ही पाहण्या शिक्षित शस्त्रवैद्यांकडून मागवलेल्या माहितीवर आधारल्या आहेत, हे लक्षात ठेवावे. शिक्षण न घेतलेला माणूस आपले अपयश कळवीत बसत नाही. तरीही त्यांतून एक बोध निश्चित मिळतो. नीट निवडलेला निरोगी मनुष्य, मर्यादित चरबी, शिकलेला हात, सुसज्ज जागा, एवढे असेल तर धोका थोडा. यांतील एकेक अट सुटत गेली की तो वाढत जातो. ‘एकदाच भूल, तर सगळेच उरकून घेऊ’ हा काटकसरीचा विचार येथे महाग पडतो.

शेजारच्या कर्नाटकातील घटना तर अगदी अलीकडची. मे २०२२ मध्ये कन्नड दूरचित्रवाणीवरील चेतना राज ही अवघ्या एकवीस वर्षांची अभिनेत्री बंगळूर येथे चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. तिच्या फुप्फुसात पाणी साचल्याचे वृत्तपत्रांनी तेव्हा छापले. आईवडिलांना तिने आधी सांगितलेले नव्हते. त्यांनी निष्काळजीपणाची तक्रार केली. दोष कोणाचा हे ठरवणे आमचे काम नव्हे. पण वडीलमाणसे हसतील किंवा रागावतील म्हणून मुलीने हे लपवून करावे, असे वातावरण आपल्या घरात आहे काय, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

ढेरी कोणती?

आता सांगलीच्या गृहस्थांकडे वळू. पोटावर दोन प्रकारची चरबी असते. एक कातडीखालची; चिमटीत धरता येते. दुसरी स्नायूंच्या पडद्यामागे, आतड्यांभोवती व यकृताभोवती साठते. पोट पुढे येते आणि टणक लागते. सळई पहिलीपर्यंतच पोहोचते. मधुमेह व हृदयविकार यांच्याशी अधिक निकट संबंध आहे तो दुसरीचा. आपल्याकडील पुरुषांची ढेरी पुष्कळदा या दुसऱ्या जातीची असते.

याविषयी आपल्या पुण्यातच मोठे संशोधन झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लान्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, परंतु यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ आणि आत चरबी, अशी आपली घडण आहे. म्हणूनच आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे, असे डॉक्टर सांगतात. टेलरची टेप येथे सळईपेक्षा उपयोगी.

मग चरबी ओढल्याने साखर उतरते काय? २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या कातडीखालून प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी काढण्यात आली. अडीचतीन महिन्यांनी तपासले असता साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी, इन्सुलिनला शरीराने दिलेला प्रतिसाद, कशातच उल्लेखनीय फरक पडला नव्हता. घाम गाळून व ताटात कपात करून याहून पुष्कळ कमी वजन उतरले तरी हे आकडे सुधारतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात असेही दिसले की मांड्या व पोट येथून काढलेली चरबी वर्षभरात परत आली. मांडीवर ती परतली नाही. जमली ती पोटाकडे. शरीर आपला हिशेब सहजासहजी मोडू देत नाही.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया निरर्थक आहे असा नव्हे. वजन स्थिर असून एखाद्याच जागी न हटणारा थर असणे, पुरुषाच्या छातीला स्त्रीसारखा उठाव येणे, चरबीची मोठी गाठ, किंवा स्त्रियांच्या पायांत दुखरी चरबी साठण्याचा विकार, अशा ठिकाणी ती खरोखर उपयोगी पडते. ती आकाराची शस्त्रक्रिया आहे. तिच्याकडे आकाराचेच काम मागावे.

अंतराचा धोका

आतापर्यंतचे धोके जगात सर्वत्र सारखेच. सातारा व सांगलीकरांना आणखी एक आहे, तो अंतराचा.

औषधाचा भर रात्री, चरबीचे कण पहिल्या तीन दिवसांत, आतड्याच्या भोकाची लक्षणे एकदोन दिवसांनी, जंतू चारसहा दिवसांनी, गुठळी दोनतीन आठवड्यांत. हे वेळापत्रक मांडून पाहिले म्हणजे ‘सकाळी जा, रात्री परत या’ याचा अर्थ उघड होतो. धोका जेव्हा येतो तेव्हा रोगी खंबाटकी घाट उतरून घरी आलेला असतो आणि शस्त्रवैद्य शंभर-सव्वाशे किलोमीटर मागे राहिलेला असतो. सांगलीकरांना तर त्याच्या दुप्पट. ताज्या जखमेनिशी मोटारीत पाय दुमडून चार तास बसणे हेच मुळी गुठळीला आमंत्रण. रात्री दोनला धाप लागली की गावच्या डॉक्टरांपुढे रोगी येतो. किती पाणी भरले, कोणते औषध किती दिले, याचा कागद जवळ नसतो. पुष्कळदा शस्त्रक्रिया झाली हेच लाजेने सांगितले जात नाही.

परदेशातही हेच दिसते. स्वस्तात होते म्हणून अमेरिकन माणसे डॉमिनिकन प्रजासत्ताकात जाऊन अशा शस्त्रक्रिया करून घेतात. २००९ ते २०२२ या काळात तेथे सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकन नागरिक मरण पावल्याचे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ साली जाहीर केले. २००३-०४ मध्ये तर तेथून परतलेल्या स्त्रियांना घरी आल्यावर वर सांगितलेल्या जंतूंच्या गाठी उठल्या.

वास्तविक शस्त्रक्रिया कशी करून घ्यावी हे आपल्या मुलखाला नवे नाही. मिरजेस वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि कोसाकोसांवरून रोगी तेथे येऊ लागले. सोबत आई, मावशी, डबा, वळकटी. टाके निघेपर्यंत मुक्काम. ऑपरेशन म्हणजे राहणे, ही समजूत आपल्या आज्या-पणज्यांना पक्की होती. ती गावंढळ नव्हती, शहाणपणाची होती. दूर जाऊनच करावयाचे असेल तर निदान पहिले चार दिवस त्याच गावी, सोबतीने, राहावे.

आधी विचारावयाचे प्रश्न

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘आधी’ व ‘नंतर’ अशी दोन चित्रे येतात, खाली हप्त्यांची सोय असते. त्या चित्रांत मधले सहा महिने नसतात. तेव्हा जाण्यापूर्वी कागदावर हे प्रश्न लिहून न्यावेत.

शस्त्र कोण धरणार? त्याने प्लास्टिक सर्जरीचे वा या विषयाचे रीतसर शिक्षण कोठे घेतले? २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले आहे की शिबिरात किंवा यूट्यूबवर पाहणे हे अशा शस्त्रक्रियेचे पुरेसे शिक्षण नव्हे. आयोगास हे सांगावे लागले, यातच सर्व आले. भूल कोण देणार, आणि ते तज्ज्ञ शेवटपर्यंत तेथे असणार काय? किती लिटर काढणार? प्राणवायू, हृदय बंद पडल्यास लागणारी साधने आणि रक्ताची सोय आहे काय? अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की दुसऱ्या रुग्णालयात, आणि तेथे नेण्याची व्यवस्था काय? रात्री फोन कोण उचलेल? घरी जाताना शस्त्रक्रियेचा तपशील लेखी मिळेल काय?

आपणही लपवू नये. मधुमेह, दमा, हृदयविकार, पूर्वीची शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी गोळी, पाळीच्या गोळ्या, तंबाखू, आयुर्वेदिक चूर्णे, सर्व सांगावे. आणि एवढी लक्षणे घरातील प्रत्येकाने पाठ करावीत : धाप, छातीत कळ, पोटरीची सूज, भ्रम, आकडी, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, कातडी काळी पडणे. यांतील एकही दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नये. जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि काय केले ते निःसंकोच सांगावे.

चिठ्ठीला उत्तर

चरकाने अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंदितांत गणले. आपण मात्र आज एकालाच, आणि तेही मुलींतच, निंदित ठरवतो. सातारा जिल्ह्यातल्याच औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि १९३८ साली त्यांचे त्यावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. राजाने प्रजेबरोबर अंगणात घाम गाळावा, ही त्या संस्थानातील रीत. सांगलीच्या गृहस्थांना आमचे सांगणे तेच आहे : सळई तुमच्या ढेरीपर्यंत पोहोचणार नाही, टेकडी पोहोचेल. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चाला, साखर तपासत राहा, आणि जेवणातला तिसरा वाढप नाकारा.

आणि ताई, तुम्हांस, ज्यांचे नाव आम्हांस ठाऊक नाही. लग्नाआधी हे करू नका. वेळ पुरत नाही, प्रवास धोक्याचा आहे, आणि मुलगी निरोगी आहे. लग्नानंतर वर्षभराने, वजन स्थिर असताना, तिचे तिला वाटले, तर ती सर्व प्रश्न विचारून व चार दिवस मुक्काम करून ते करू शकते. पण ही मागणी तिची आहे की पाहुण्यांपैकी कोणाच्या एखाद्या शब्दाची, हे एकदा तिला जवळ बसवून विचारा. शब्द पाहुण्यांचा असेल, तर शस्त्रक्रियेची गरज मुलीला नाही. त्या पाहुण्यांशी एकदा स्पष्ट बोलण्याची मात्र आहे, आणि ते काम तुम्हांलाच करावे लागेल.